शिक्रा, खार आणि माझा उजवा डोळा

मी गोंदियात वाढले. वडील रेल्वेत होते आणि आमच्या गल्लीत सगळे हिंदीच बोलत. त्यामुळे खारीला मी लहानपणापासून गिलहरी म्हणत आले. गिलहरी म्हणजे क्वार्टरच्या भिंतीवरून पळणारा आणि वाळत घातलेले शेंगदाणे पळवणारा प्राणी, एवढीच माझी तिच्याशी ओळख. शिक्रा तर मला ठाऊकच नव्हता. आभाळात मोठं काही फिरत असेल तर ती घार, आणि उरलेली सगळी पाखरं. डी.एड. झालं, मुलांना शिकवण्यासाठी प्राणी-पक्ष्यांचे तक्ते तयार केले, तरी माझी समज तिथंच होती.

एकोणीसशे नव्याण्णवला लग्न होऊन मी दवनीवाड्याकडच्या एका खेड्यात आले. घरात तीन माणसं: नवरा, सासरे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मशीन दुरुस्तीचं काम करायचा. सकाळी सातला निघायचा तो दिवेलागणीला परत. सासरे वनरक्षक होते. नवेगावकडच्या जंगलात सगळी नोकरी काढून ते नुकतेच घरी येऊन बसले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. या मामाजींशी पहिल्या दोन वर्षांत मी मोजून दहा वाक्यं बोलले असेन. मी डोक्यावर पदर घेऊन चहा ठेवायची, ते मान खाली घालून कप उचलायचे. सकाळी आंघोळ करून वंदना म्हणायचे, मग घरामागच्या सांदवाडीत जायचे. तिथं वांगी, वाल, दोन पपया, एक म्हातारा आंबा आणि त्याच्याशेजारी एक निंब, म्हणजे कडुनिंब. दिवसभर ते त्या झाडांखाली बाजेवर बसून असायचे. काय करतात, असं मी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काही नाही करत. पाहून राहतात. नोकरीतही हेच केलं त्यांनी."

पुढं मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. गावापासून चार किलोमीटर. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेकडेनं जाणारी पायवाट होती, तिच्यावरून मी सायकलनं जायची. गावात सायकलवर जाणारी मी पहिली सून. मामाजी त्याबद्दलही काही बोलले नाहीत. फक्त एकदा सकाळी सायकल काढायला गेले तर तिच्या चाकात हवा भरलेली होती, चेनला तेल घातलेलं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मी नाही केलं.

दोन हजार एकच्या दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी होऊन शेतात पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते आणि चुरणा, म्हणजे मळणी, सुरू झाला होता. मी शहरातली. शेजारच्या बाया मला म्हणायच्या, "मास्तरीनबाई, तुमच्याकडून काय होते शेतातलं!" त्यांचं बोलणं मला लागायचं. म्हणून त्या दिवशी मी हट्टानं शेतावर गेले. बाया धान उपणत होत्या. वाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं हे त्यांना न सांगता कळत होतं, मला नव्हतं. सुपातलं धान खाली सोडलं आणि वारा एकदम फिरला. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं. कोंडा असेल, धानाचं टोक असेल. मी पदरानं डोळा चोळला, पाणी मारलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. घरी गेले असते तर बाया हसल्या असत्या.

ही चूक माझी स्वतःची. पुढचे चार दिवस मी कोणाला नीट सांगितलं नाही. मेडिकलमधून थेंब आणून घातले, कोणीतरी सांगितलं म्हणून गुलाबपाणी घातलं. पाचव्या दिवशी डोळा उघडेना आणि बुबुळावर पांढरं दिसायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं मला उचलून गोंदियाला नेलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि नागपूरला पाठवलं. तिथं जवळजवळ दीड महिना गेला. डॉक्टर चांगले होते. त्यांनी मला खोटं सांगितलं नाही. "बाई, डोळा राहील, पण त्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळेल," असं म्हणाले. मी विचारलं, "आणि दुसरा?" ते म्हणाले, "दुसरा अगदी चांगला आहे. सवय होईल."

सवय कशाची व्हायची, ते घरी आल्यावर कळलं.

एका डोळ्यानं सगळं दिसतं. रंग दिसतात, माणसं दिसतात, वाचता येतं. पण एखादी वस्तू किती दूर आहे ते कळत नाही. मी कडीला हात लावायला जायची आणि हात कडीच्या अलीकडेच बंद व्हायचा. अंगणातली एक पायरी मला सपाट दिसायची. सुईत दोरा ओवायला बसले की दोरा सुईच्या पुढून किंवा मागून जायचा, भोकातून कधीच नाही. भाजी फोडणीला टाकताना अर्धी चुलीत. नवरा घाबरून गेला होता. तो पहाटे उठून पाणी भरायचा, स्वयंपाकाची तयारी करून ठेवायचा आणि जाताना म्हणायचा, "तू काहीच करू नको, बसून राहा." तो हे मायेनं म्हणायचा, पण ते ऐकलं की मला वाटायचं, आपण संपलो. फळ्यावर सरळ ओळ लिहिता येणार नाही, नहराच्या वाटेवर सायकल चालवता येणार नाही. एका संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मी नोकरी सोडते." तो म्हणाला, "बघू." त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्यालाही तसंच वाटत होतं.

शाळेच्या मुख्याध्यापकांचा मात्र निरोप आला की रजा वाढवून घ्या आणि जूनमध्ये या, तुमचा वर्ग मी सांभाळतो. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. त्या वेळी मात्र तो निरोप ऐकून मला आणखीनच रडू आलं.

जानेवारीतली दुपार असेल. मी मामाजींना चहा द्यायला गेले. ते ओसरीवर बसले होते, कप त्यांनी समोर धरला होता. मी केटलीतून चहा ओतला आणि तो कपात न पडता सरळ त्यांच्या पायावर पडला. उकळता चहा. त्यांनी पाय आखडला, पण तोंडातून आवाज काढला नाही. मी केटली तिथंच ठेवली आणि आत पळाले. भिंतीकडे तोंड करून बसले आणि रडले. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली. दोन वर्षांत त्यांनी मला अशी हाक मारली नव्हती.

"पोरी, इकडं ये."

मी डोळे पुसून गेले. ते सांदवाडीत जाऊन बाजेवर बसले होते. पायाला त्यांनी कोरफडीचा गर लावला होता.

"काऊन रडून राहिली?"

"चहा सांडला, मामाजी. तुमचा पाय भाजला."

"चहा सांडला म्हणून कोनी इतकं रडत नाही." त्यांनी शेजारच्या वेताच्या मोढ्याकडे बोट केलं. "बस तिथं. आंब्यावर ते खार हाये, दिसली?"

दिसली. आंब्याच्या फांदीच्या टोकाला एक खार होती. समोर निंबाची फांदी, मध्ये चार-पाच हातांचं अंतर.

"ते आता निंबावर उडी मारन. उडी मारायच्या आधी काय करते, ते मले सांग."

खार टुणकन उडाली. मी म्हटलं, "काही नाही केलं. उडी मारली."

"उद्या पाह्य," ते म्हणाले आणि उठून गेले.

मला राग आला होता. माझा डोळा गेला आणि हे मला गिलहऱ्या बघायला सांगतात! पण दुसऱ्या दिवशी घरात करायला काहीच नव्हतं. नवऱ्यानं सगळं करून ठेवलं होतं. मी जाऊन बसले. त्या दोन झाडांवर तीन-चार खारी होत्या. एकीची शेपटी अर्धीच होती, तिला मी लांडी म्हणायला लागले. दुसऱ्या दिवशीही काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामाजी विचारायचे, "काय?" मी म्हणायची, "काही नाही." ते म्हणायचे, "बरं."

चौथ्या दिवशी दिसलं. लांडी फांदीच्या टोकाशी आली, थांबली आणि तिनं डोकं वर-खाली केलं. मग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. पुन्हा वर-खाली. मग उडी. हे सगळं इतक्या झटक्यात झालं की आधीचे तीन दिवस माझ्या समोर होऊनही मी ते पाहिलं नव्हतं. मी जवळजवळ ओरडलेच, "मामाजी, ती मुंडकं हलवते!"

ते हसले. त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"आता सांग, तिचे डोरे कुठं हायेत?"

"दोन बाजूंना."

"हां. इकडचा डोरा इकडचं पाहते, तिकडचा तिकडचं. समोरची फांदी दोन्ही डोऱ्यानं एकदम तिले बरोबर दिसत नाही. मंग अंतर कसं समजन? म्हणून ते मुंडकं हलवते. मुंडकं हलवलं का जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी सरकते. त्याच्यावरून तिले समजते. आमच्या एका साहेबानं जंगलात सांगितलं होतं मले. मंग मी किती वर्षं पाहिलं, तसंच हाये." थोडं थांबून ते म्हणाले, "तू बी हलव."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोकायले दोन-दोन डोरे हायेत, त्यायले काय समजते?"

त्याच क्षणी मी मान डावी-उजवीकडं हलवून पाहिली. निंबाची फांदी आणि तिच्यामागचं कुंपण, इतके दिवस एकाला एक चिकटल्यासारखं दिसायचं. आता फांदी सरकली आणि कुंपण मागं राहिलं. त्या दोघांमध्ये जागा झाली. ती जागा पाहून मला काय वाटलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. दीड-दोन महिने जग एखाद्या कॅलेंडरच्या चित्रासारखं सपाट होतं. त्याला पुन्हा खोली आली.

मग मामाजींनी शिकवणीच सुरू केली. आंब्याच्या फांदीला त्यांनी दोरीनं एक बांगडी टांगली आणि माझ्या हातात तुरीची काडी दिली. काडी बांगडीतून काढायची. पहिले कितीतरी दिवस काडी बांगडीच्या बाजूनं जायची. ते बाजेवरून म्हणायचे, "मुंडकं, मुंडकं!" मग तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं. तांब्याची कड पेल्याच्या कडेला आधी टेकवायची, मग ओतायचं, ही युक्ती त्यांनीच काढली. त्यासाठी त्यांनी स्वतः एक डोळा मिटून सगळी दुपार पाणी ओतलं होतं. मला ते नंतर कळलं. माझा पदर डोक्यावरून केव्हा खांद्यावर आला ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शिक्रा आला तो फेब्रुवारीच्या शेवटी. एका सकाळी सगळ्या खारी एकदम चिरक्या आवाजात ओरडायला लागल्या, शेपट्या झटकायला लागल्या आणि फांद्यांना पोटाशी धरून गोठल्या. साळुंक्या गप्प झाल्या. मामाजी हळूच म्हणाले, "निंबाच्या मागं, वाळल्या फांदीवर. शिक्रा."

कबुतराएवढा पक्षी. राखी पाठ, छातीवर विटकरी पट्टे आणि लालभडक डोळे. दोन्ही डोळे समोर. तो आमच्याकडं वळला तेव्हा दोन्ही डोळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहत होता. खार कधी अशी पाहत नाही. खार पाहते तेव्हा तिचा एकच डोळा तुमच्याकडं असतो आणि दुसरा कुठंतरी दुसरीकडं.

"खारीचे डोरे राखनीसाठी हायेत," मामाजी म्हणाले. "मागून कोन येते, वरून कोन येते, सारं तिले दिसते. याचे डोरे पकडासाठी. याले एकच वस्तू दिसते, पन ते कुठं हाये हे पक्कं समजते."

मला तो पक्षी पहिल्या दिवसापासून आवडला नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. माझ्याकडं जे होतं आणि गेलं, ते याच्याकडं एवढं धारदार होतं आणि तो त्याचा उपयोग माझ्या खारींना मारायला करत होता. मी मनातल्या मनात दोन बाजू करून टाकल्या. तिकडं तो, इकडं खारी आणि मी.

एप्रिलमध्ये त्यानं लांडीला नेलं. मी समोर बसले होते. ती जमिनीवर उतरून वालाच्या वेलाखाली काही खात होती. कुंपणावरून एक राखी रेघ आली, धुळीत फडफड झाली आणि रेघ वर गेली. मी पायातली चप्पल काढून फेकली. ती पपईला लागली. मी दुसरी फेकायला गेले तेव्हा मामाजींनी माझा हात धरला.

"कायले मारून राहिली त्याले?"

"माझी लांडी नेली त्यानं!"

"त्याची बी पिल्लं हायेत. नहराकडच्या मोहावर घरटं हाये त्याचं. पिल्लायले काय वाल चारन का तो?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

त्यांनी माझा हात सोडला. मग म्हणाले, "वाटते. पन माझी बायको गेली तेव्हा मी बी असंच कोनाले तरी गोटा मारू, असं शोधून राहिलो होतो. कोनी सापडला नाही."

सासूबाईंबद्दल ते माझ्यापुढं बोलले ते एवढंच. मी चप्पल उचलून आणली आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी आम्ही शिकवणी केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शिक्र्याला पाहायला लागले. आधी रागानं, मग सवयीनं. मे महिना होता, ऊन चढायच्या आत सगळं होऊन जायचं. एका सकाळी तो बांधावरच्या पळसावर बसला होता. खाली मातीवर एक सरडा. शिक्रा सरड्याकडं पाहत होता आणि मी शिक्र्याकडं. आणि मग त्यानं मान लांब केली, डोकं वर घेतलं, खाली घेतलं, एका बाजूला सरकवलं, दुसऱ्या बाजूला सरकवलं. अगदी लांडी करायची तसं. मग तो सुटला आणि सरडा घेऊन गेला.

मी धावत मामाजींकडं गेले. ते दात घासत होते.

"मामाजी, शिक्रा पण मुंडकं हलवतो!"

"नाही हलवत. त्याचे डोरे समोर हायेत, त्याले काय गरज?"

"मी आत्ता पाहिलं."

"तुले भास झाला असन."

"नाही झाला. तुम्ही चला उद्या."

दोन सकाळी आम्ही बांधावर जाऊन बसलो आणि शिक्रा आलाच नाही. मामाजींच्या मिशीत हसू होतं. तिसऱ्या सकाळी आला. पळसावर बसला. बराच वेळ नुसता बसून राहिला. मग गवतात काहीतरी हाललं आणि त्यानं मान लांब करून डोकं डावी-उजवीकडं, वर-खाली केलं. स्पष्ट. मग झेप.

मामाजींनी डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि मांडीवर ठेवला. पाखरू दिसेनासं झालं तरी ते तिकडंच पाहत होते.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं जंगलात काढली मी. कितीक शिकरे पाहिले. हे मले नाही दिसलं. मी धरूनच चाललो होतो का त्याले गरज नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू एका डोऱ्यानं पाहिलं, पोरी."

डी.एड.ला पहिली आले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. माझ्या मनातल्या त्या दोन बाजूही त्या सकाळी मोडल्या. समोर डोळे असलेल्याला आणि बाजूला डोळे असलेलीला, दोघांनाही झेप घेण्याआधी खात्री करून घ्यावी लागत होती. जे मी माझं व्यंग समजून लपवून करत होते, ते ज्याचा हेवा करत होते तोही करत होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सायकल बाहेर काढली. नवरा सुट्टी घेऊन घरी थांबला होता. तो म्हणाला, "मी मागून धरतो." मामाजी म्हणाले, "धरू नको. तिले पडू दे." मी पडले. नहराच्या वाटेवर नाही, त्याच्या आधीच, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात. धुळीनं माखून उठले तेव्हा नवरा धावत येत होता आणि मामाजी दुरूनच ओरडत होते, "मुंडकं! मुंडकं विसरली तू!" मला हसू आलं. नवऱ्यालाही आलं. गेल्या कितीतरी महिन्यांत आम्ही तिघं एकत्र हसलो नव्हतो. पुढचे आठ दिवस रोज सकाळी मी सराव केला. नहरावर एक पुलिया होती, तिला कठडा नव्हता. तिथं मी उतरून सायकल हातानं ढकलत न्यायची. पुढची सगळी वर्षं मी तिथं उतरतच राहिले आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

शाळा उघडली. मुलांनी पहिल्या दिवशी माझ्या पांढऱ्या डोळ्याकडं टक लावून पाहिलं. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. चौथीच्या वर्गात फळ्याच्या मधोमध रेघ मारली, एका बाजूला शिक्रा लिहिलं, दुसऱ्या बाजूला खार, आणि म्हटलं, सांगा फरक. मुलं सांगत गेली. तो उडतो, ती चढते. तो अंडी घालतो, ती पिल्लं देते. त्याला चोच, तिला दात. तो मांस खातो, ती दाणे खाते. त्याचे डोळे समोर, तिचे बाजूला. मग मी विचारलं, आणि सारखं काय? मी डोकं हलवून दाखवलं. मुलं इतकी हसली की शेजारच्या वर्गातून मुख्याध्यापक पाहायला आले. त्यानंतर कितीतरी दिवस मैदानात चेंडू झेलण्याआधी आमची पोरं मुंडकं हलवायची. एका मुलीच्या आईनं येऊन तक्रारही केली, "मॅडम, पोरगी घरात कोंबडीसारखी मान हलवून राहिली, काय शिकवून राहिले तुमी?" मी तिला बसवून चहा दिला आणि समजावून सांगितलं. तिनं घरी जाऊन स्वतः करून पाहिलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ती वाटेत भेटली आणि म्हणाली, "खरंच समजते हो!"

वर्षं गेली. मला दोन मुली झाल्या. मामाजींनी दोघींना बाजेवर बसवून झाडं, पाखरं, पावलांचे ठसे, सगळं शिकवलं. दोन हजार नऊच्या सुमारास त्यांना दिसेनासं झालं. ते सांगत नव्हते, पण नातीनं विचारलं, "आजा, ते कोणतं पाखरू?" तर म्हणायला लागले, "तूच सांग." मी ओळखलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनचं नाव काढलं की घराबाहेर निघून जायचे. वाघाच्या जंगलात रात्री काढलेला माणूस, पण डोळ्याला हात लावू द्यायला घाबरत होता. शेवटी मी म्हटलं, "मामाजी, खार बघायला बसवलं तेव्हा तुम्ही मला चार दिवस काही सांगितलं नव्हतं. मी तशी थांबणार नाही, सरळ सांगते. चला."

गोंदियाच्या एका दवाखान्यात आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी शाळेतून रजा घेतली आणि त्यांच्यासोबत राहिले. आत नेताना त्यांनी माझं मनगट असं धरलं होतं की नर्सला बोटं सोडवावी लागली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी खोलीभर पाहिलं, पंख्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले. कोनी सांगितलंच नाही मले."

मी कागद भरायला आणि औषधं घ्यायला खाली गेले होते. परत आले तर ते डॉक्टरांशी हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मला पाहून दोघं गप्प झाले. बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय विचारत होते डॉक्टरांना?"

"तुझ्या डोऱ्याचं."

"माझ्या डोळ्याचं काय?"

"त्यायले म्हटलं, माझ्या सुनेले एकच डोरा हाये, त्याची काळजी कशी घ्याची. ते म्हणाले, नंबर नसला तरी चष्मा लावून ठेवा. मजबूत काचेचा. काही उडून लागलं तर काचेले लागन." ते रस्त्याच्या कडेला थांबले. "इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात नाही आलं. तुले मुंडकं हलवाले शिकवलं, पन जे उरलं ते सांभाळाले नाही शिकवलं."

बाजारात एक चष्म्याचं दुकान होतं. मामाजी ऑपरेशननंतर दिलेल्या काळ्या चष्म्यासकट आत शिरले आणि दुकानदाराला हिंदीत म्हणाले, "बहू के लिए दिखाओ. मास्टरनी है." दुकानदारानं ट्रे काढला. त्यांनी एकेक फ्रेम माझ्या नाकावर ठेवून पाहिली. एका नव्या उघडलेल्या डोळ्यानं ते पाहत होते आणि एका डोळ्यानं मी आरशात पाहत होते. काळी नको म्हणाले, सोनेरी नको म्हणाले. शेवटी एक तपकिरी फ्रेम निवडली.

बसमध्ये खिडकीशेजारी त्यांना बसवलं. दवनीवाड्यापर्यंत ते बाहेरच पाहत होते. कोणतं शेत कोणाचं, कुठं नवीन बोअर झालं, कोणत्या घरावर स्लॅब पडला, सगळं मोठ्यानं सांगत होते. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून विचारलं, "बाबाजी, पहिल्यांदा चालले का इकडं?"

"हो," मामाजी म्हणाले, "पहिल्यांदाच." आणि पुन्हा खिडकीकडं वळले.